दोन सीटची बाबागाडी घेताय? आधी लिफ्टचं दार मोजा

दोन लहान मुलांसाठी बाबागाडी शोधताना बहुतेक आईबाबा आधी रंग, मग गादी आणि शेवटी किंमत बघतात. मुंबईत हा क्रम उलटा करावा लागतो. इथे मोजपट्टी घेऊन आधी तीन ठिकाणी उभं राहायचं: लिफ्टच्या दारात, घराच्या सेफ्टी डोअरमध्ये आणि सोसायटीच्या गेटमधल्या छोट्या दारात. यातलं जे माप सगळ्यात कमी, त्याच्यापेक्षा गाडी किमान ३ सेंमी अरुंद हवी. एवढं पाळलं नाही तर कितीही चांगली गाडी पहिल्या आठवड्यातच जिन्याखाली जाते आणि मुलं पुन्हा कडेवर येतात.

लिफ्टमधली क्षमतेची पाटी वाचली तरी अर्धं उत्तर मिळतं. भारतीय मानकांप्रमाणे ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ लिहिलेल्या लिफ्टची केबिन ११० सेंमी रुंद आणि १०० सेंमी खोल असते, दाराची मोकळी रुंदी ७० सेंमी. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ असेल तर केबिन १३० बाय ११० आणि दार ८० सेंमी. ‘१३ व्यक्ती, ८८४ किलो’ म्हणजे २०० बाय ११० आणि दार ९० सेंमी. ही नव्या टॉवरमध्ये दिसते आणि तिथे कुठलीही गाडी चालते. दादर, माटुंगा, गिरगावच्या जुन्या इमारतींत ओढायच्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट आहेत. तिथे पाटीवर विसंबू नका. जाळी पूर्ण सरकवल्यावर तिची घडी जेवढी जागा खाते, ती सोडून उरलेलं माप घ्या.

आता हीच मापं गाड्यांना लावून बघा. ज्यात दोन्ही मुलं शेजारी-शेजारी बसतात, त्या गाड्यांची रुंदी साधारण ७४ ते ७८ सेंमी असते. सहा जणांच्या लिफ्टच्या दारातून त्या जाणारच नाहीत. मग दुकानात सांगतात, ‘पुढे-मागे सीटवाली घ्या, ती अरुंद असते.’ ते खरंच आहे, अशा गाड्या ५५ ते ६५ सेंमीच्या असतात. पण त्यांची लांबी १०५ ते १२० सेंमी असते आणि केबिनची खोली १०० सेंमी. गाडी दारातून आत जाते, पण मागची चाकं दाराच्या पट्टीवरच राहतात आणि दार लागत नाही. तिरकी करून घुसवायला आत जागा नसते. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे प्रश्न फक्त रुंदीचा विचारला जातो.

म्हणून सहा जणांच्या लिफ्टवाल्यांपुढे तीनच वाटा उरतात. पहिली, मुद्दाम अरुंद बनवलेली शेजारी-शेजारी गाडी. माउंटन बगी कंपनीची ड्युएट ६३ सेंमी रुंद आहे, या प्रकारातलं हे सर्वांत परिचित नाव. लांबी मात्र आपल्या केबिनशी ताडून बघावी. दुसरी, एका सीटच्या सांगाड्यावर दुसरी सीट खाली-वर जोडता येते अशी गाडी. उदाहरणार्थ, अपाबेबीची व्हिस्टा सुमारे ६५ सेंमी रुंद आहे आणि दुसरी सीट लावली तरी रुंदी वाढत नाही. तिसरी वाट म्हणजे खाली उतरल्यावर गाडी उघडायची आणि वर जाताना घडी करायची. तेव्हा सगळा खेळ वजनाचा होतो. एक मूल कडेवर, दुसऱ्याचा हात धरलेला आणि १५ किलोची गाडी हे एकट्या माणसाचं काम नाही.

आठ जणांच्या लिफ्टमध्ये ७५ सेंमीची गाडी आत गेल्यावर बाजूला ५५ सेंमी उरतात. एक मोठं माणूस तिथे नीट उभं राहतं. इथे शेजारी-शेजारी प्रकारच घ्या, पुढे-मागेच्या फंदात पडू नका. मात्र कंपनीने दिलेली रुंदी कुठली, ते तपासा. बऱ्याचदा ती सीटची असते. गाडीचा सर्वांत रुंद भाग मागच्या चाकांच्या बाहेरच्या टोप्यांपाशी असतो, मोजायचं तिथे.

कुठला प्रकार कोणाला

जुळी मुलं असतील तर शेजारी-शेजारीच उत्तम. दोघांचं वजन सारखं असल्याने गाडी सरळ जाते, दोघांनाही सारखंच बाहेरचं दिसतं आणि एक झोपलं की त्याची पाठ वेगळी खाली करता येते. या प्रकारात दोन जाती आहेत. छत्रीसारखी मिटणारी हलकी, साधारण १० ते १३ किलोची. आणि पूर्ण चौकटीची, एकच आडवा दांडा असलेली, १३ ते १७ किलोची. बेबी जॉगरची सिटी मिनी जीटी २ डबल ही दुसऱ्या जातीतली, रुंदी सुमारे ७६ सेंमी.

छत्री-घडीवाली स्वस्त असते, उचलायला सोपी असते, टॅक्सीत मावते, म्हणून खूप खपते. तिची अडचण मधल्या जोडात आहे. दोन सांगाडे मध्ये तिरक्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. पेव्हर ब्लॉकवर रोज हादरे बसले की तिथले स्क्रू सैल होतात, मग गाडी चालताना लचकते आणि मधली चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत. चाकं लहान, साधारण १५ सेंमीची. गटाराच्या जाळीच्या फटीत नेमकी अडकतात. शिवाय दोन वेगळ्या मुठी असल्याने एका हाताने ढकलता येत नाही. दुसऱ्या हातात छत्री धरायची असेल, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती धरावीच लागते, तर सलग आडवा दांडाच हवा. आमचं मत स्पष्ट आहे: रोज दोन वेळा फिरवायची असेल तर पूर्ण चौकटीची घ्या, गावाला, लग्नाला, विमानप्रवासाला न्यायची असेल तर छत्री-घडी पुरे.

मुलांत दीड-दोन वर्षांचं अंतर असेल तर गणित बदलतं. एक १२ किलोचं आणि एक ५ किलोचं मूल शेजारी बसवलं की हलक्या सांगाड्याची गाडी जड बाजूला ओढते, मनगट दुखायला लागतं. मोठं मूल बाळाच्या तोंडावरून हात फिरवतं, खाऊ भरवतं. इथे खाली-वर सीटची बदलती गाडी जास्त सोयीची. पण जोड-सीटची वयाची आणि वजनाची अट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हिस्टाची ‘रंबल सीट’ नावाची जोड-सीट तीन महिन्यांनंतरच्या मुलासाठी आहे आणि तिची कमाल मर्यादा सुमारे १६ किलो. बाळाला वर पाळण्यात आणि मोठ्याला खालच्या सीटवर, असा बेत असेल तर मोठ्याचे पाय कुठे टेकतात ते दुकानातच त्याला बसवून बघा. गुडघे पोटाशी येत असतील तर ते मूल दहा मिनिटांत उतरायला मागणार. बुगाबूची डाँकी वेगळ्या तऱ्हेने वाढते: एक मूल असताना ६० सेंमी, दोन सीट लावल्यावर ७४ सेंमी. चांगली आहे, महाग आहे, आणि दुसरी सीट लागल्यावर लिफ्टचा प्रश्न पुन्हा पहिल्यासारखाच.

आणि मोठं मूल तीन वर्षांचं होत आलं असेल तर दोन सीटची गाडी घेऊच नका. एका सीटच्या मजबूत गाडीमागे उभं राहायची चाकांची फळी जोडता येते. बहुतेक फळ्यांची मर्यादा २० किलोच्या आसपास असते. फळी मागच्या आसाला घट्ट बसते की नाही आणि ढकलणाऱ्याची पावलं तिला आपटत नाहीत ना, एवढं बघायचं. किंवा बाळ कॅरिअरमध्ये छातीशी आणि मोठं गाडीत. लोकलने जाणाऱ्या घरांसाठी यापेक्षा बरा मार्ग नाही.

पुढे-मागे गाडीची एक गोष्ट सांगायलाच हवी. फूटपाथवर चढवताना दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. पुढच्या सीटवरचं मूल मागच्या आसापासून लांब असतं, त्यामुळे जोर कितीतरी जास्त लागतो. जड मूल पुढे असेल तर आजीला हे जमत नाही. जड मूल मागे ठेवावं तर मागच्या सीटला पाय पसरायला जागा कमी. आणि मागचं एकटं मूल बसलेलं असताना दांड्याला भाजीची पिशवी लटकवली, तर गाडी मागे कलंडू शकते. दांड्याला काहीही लटकवू नये, हा नियम सगळ्याच गाड्यांना लागू आहे. सामान खालच्या टोपलीत, तेही तिथे लिहिलेल्या वजनापुरतं. बऱ्याच गाड्यांत ते जेमतेम चार-पाच किलो असतं.

सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही

मान न धरणाऱ्या बाळाला उभ्या पाठीची सीट चालत नाही. डोकं पुढे पडतं आणि श्वासाची वाट दबते. युरोपच्या ईएन १८८८ मानकात सहा महिन्यांखालच्या बाळाच्या सीटची पाठ बैठकीपासून १५० अंशांपेक्षा जास्त उघडली पाहिजे, असं आहे. ‘फुल रिक्लाइन’ हे शब्द खोक्यावर असले तरी पट्टा सोडून पाठ प्रत्यक्ष किती खाली जाते ते बघा. काही गाड्यांत दोनपैकी एकच सीट पूर्ण आडवी होते, जुळ्यांना ती उपयोगाची नाही. जुळी बाळं बऱ्याचदा दिवस भरायच्या आधी जन्मतात. अशा वेळी गाडीत कधीपासून बसवायचं हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

पट्टा पाच ठिकाणी धरणाराच हवा: दोन खांदे, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. मांड्यांमधला पट्टा न लावता समोरच्या दांड्याच्या भरवशावर मूल बसवलं तर ते खाली घसरतं आणि मान दांड्यात अडकू शकते. खांद्याचा पट्टा खांद्याच्या पातळीतून यावा, आणि लावल्यावर आत एक बोट जाईल एवढाच सैल असावा. दोन मुलांच्या वयात फरक असेल तर दोन्ही सीटच्या पट्ट्यांची उंची वेगवेगळी करता येते का, तेही बघा.

ब्रेक एकाच पेडलने दोन्ही मागच्या चाकांना लागावा. स्वस्त गाड्यांत प्रत्येक चाकाला वेगळा असतो, आणि घाईत एकच लावला जातो. रॅम्पवर तेवढ्याने गाडी एका चाकाभोवती फिरते.

बिजागरीकडे दुर्लक्ष नको. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीला छत्री-घडीच्या सुमारे १० लाख बाबागाड्यांसाठी बिजागरीवर चढवायची आवरणं द्यावी लागली, कारण घडी उघडताना लहान मुलांच्या बोटांची टोकं बिजागरीत सापडून तुटली होती. त्यात दोन सीटच्या गाड्याही होत्या. म्हणून बिजागऱ्या कापडाने किंवा प्लॅस्टिकने झाकलेल्या हव्यात, आणि गाडी उघडताना वा मिटताना दोन्ही मुलं हातभर लांब हवीत. दोन मुलांच्या घरात नेमकं हेच सगळ्यात कठीण असतं. म्हणूनच साधी, एका ओढीत मिटणारी घडी ही चैन नाही. घडी झाल्यावर तिचा अडकवणारा हूक आपोआप लागतो का, तेही बघून घ्या.

रस्त्यावर काय होतं

शहराच्या फूटपाथवर वाहनं चढू नयेत म्हणून स्टीलचे खांब रोवलेले असतात. त्यांतून कित्येक ठिकाणी व्हीलचेअरसुद्धा जात नाही. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. रुंद बाबागाडी तिथे अडते आणि मग रस्त्यावर उतरावं लागतं. रोजच्या वाटेवरचे खांब मोजून ठेवा. बाग, पाळणाघर, आजोळ, दवाखाना या चार वाटा पुरेशा आहेत.

जिथे ही गाडी खरंच सुखाने चालते अशाही जागा आहेत. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, पवईतलं हिरानंदानी, राणीच्या बागेतले आतले रस्ते (बुधवारी बाग बंद), बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा डांबरी रस्ता (सोमवारी बंद). चौपाटीच्या वाळूत मात्र लहान चाकं रुततात. तिथे पुढची फिरती चाकं लॉक करून गाडी उलटी, मागे ओढत न्यावी. शिवाजी पार्कच्या मैदानातली बारीक लाल माती चाकांच्या बेअरिंगमध्ये बसते, घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून काढायची.

मेट्रोच्या स्टेशनात रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट मिळते, पण ती प्रत्येक प्रवेशद्वाराशी नसते. आत शिरायला व्हीलचेअरसाठीचं रुंद गेट वापरा. सरकत्या जिन्यावर मुलं बसलेली गाडी कधीच चढवू नये. लोकलमध्ये उघडी गाडी न्यायचा विचारच नको. काळ्या-पिवळ्या टॅक्सीची अर्धी डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली असते, त्यामुळे पूर्ण चौकटीची गाडी वर कॅरिअरवर बांधावी लागते. सोबत एक सुती दोरी ठेवा. रिक्षात छत्री-घडीवाली पायांपुढे आडवी धरता येते. चौकटीची घडी सपाट होते पण रुंदच राहते, ती रिक्षात मावत नाही.

हवा भरायची चाकं खड्ड्यांत छान चालतात, पण पंक्चर होतात. छोट्या चाकाची ट्यूब कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे असतेच असं नाही, एक जादा ट्यूब गाडीसोबतच मागून घ्या. आमचा कौल फोमने भरलेल्या, मागे किमान २० सेंमी व्यासाच्या चाकांना.

पावसाचं कव्हर त्याच मॉडेलचं घ्या. सगळ्यांना बसणारं म्हणून मिळतं ते दोन सीटच्या गाडीवर ताणून बसतं आणि हवेची भोकं नेमकी मुलांच्या तोंडासमोर येत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिकखाली मूल पाच मिनिटांत घामाघूम होतं. छप्पर आलं, लिफ्ट आली, की कव्हर वर करायचं. उन्हात गाडीवर दुपट्टा किंवा ओढणी टाकतात, तेही टाळा, आतली हवा कोंडून तापते. पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी अजिबात घालू नका. खालचा खड्डा दिसत नाही, उघडं गटारही दिसत नाही.

पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते. म्हणून कापड सांगाड्यातून पूर्ण निघतं का, हे खरेदीआधीच विचारा. सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन पंख्याखाली वाळवा आणि ओली गाडी मिटून ठेवू नका. चाकांच्या आसाला तेल घातलं की धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे मारा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आसाच्या टोकाच्या क्लिपा महिन्यातून एकदा काढून गंज बघावा, चाक निघून पडतं ते तिथूनच.

दुकानातली परीक्षा

दुकानात गाडी रिकामी ढकलून काहीच कळत नाही. तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या न्या, किंवा दुकानातलंच काही सामान घ्या, आणि एका सीटवर १० व दुसऱ्यावर ५ किलो ठेवून एका हाताने सरळ रेषेत दहा पावलं चाला. गाडी ओढत असेल तर सोडून द्या. मग उंबऱ्यावर चढवा. रॅम्पवर ब्रेक लावून हात सोडा, पण हात जवळच ठेवा. मग पिशव्या काढून घडी करा आणि एका हाताने उचलून जिन्याच्या दहा पायऱ्या चढा. हे सगळं घरात जी व्यक्ती रोज गाडी ढकलणार आहे तिनेच करायचं, मग ती आजी असो वा मुलांना सांभाळणाऱ्या मावशी. दांड्याची उंची तिच्या कोपराच्या जरा खाली यावी.

दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत गाड्या मिळतात. स्वस्तातली म्हणून वाईट असं नाही, पण ब्रेक, पट्टा आणि मधला जोड या तीन जागी पैसे वाचवलेले असतील तर ती नको. परदेशातून नातेवाइकांकरवी मागवताना एक लक्षात घ्या: वॉरंटी सहसा जिथे खरेदी केली त्याच देशात चालते आणि पुढचं चाक मोडलं तर इथे मिळत नाही. जादा चाक त्याच वेळी मागवा.

ही गाडी जेमतेम दोन-अडीच वर्षं लागते, त्यामुळे जुनी घ्यायलाही हरकत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर बऱ्याचदा चांगली मिळून जाते. घेताना गाडी उलटी करा. आडव्या नळ्यांच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर, चाकाचा डगडगता आस, दाबल्यावर ‘टक’ न वाजणारं बकल, यातलं एकही दिसलं तर किंमत कितीही उतरवली तरी नको. मॉडेलचं नाव आणि उत्पादनाची तारीख सहसा सांगाड्यावरच्या स्टिकरवर असते. त्यावरून ते मॉडेल कंपनीने कधी परत मागवलं होतं का, ते शोधा. स्टिकर खरवडलेलं असेल तर दुसरी बघा.